किड्यांची घराणी

मृग लागून दोनचार सरी पडल्या की अकोल्याच्या जठारपेठेत संध्याकाळी दिवा लावणे ही एक अडचणच होऊन बसते. पडवीतला दिवा लागतो न लागतो तोच त्याच्याभोवती पाखरांची झुंबड उडते. कोणी भिंतीवर आपटतात, कोणी जेवणाच्या ताटात पडतात, कोणी पंख गाळून फरशीवर सरपटू लागतात. वडील माणसे दिवा मालवा म्हणून सांगतात. मुले मात्र एखाद्या काळ्या, टणक जिवावर वाटी पालथी घालून त्याला कोंडून ठेवतात आणि हा कोण, असे विचारतात. ह्या प्रश्नास बहुतेक घरांतून एकच उत्तर मिळते : "किडा आहे." हे उत्तर खोटे नव्हे, पण रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी गृहस्थाकडे बोट दाखवून हा कोण असे विचारले असता "माणूस आहे" असे सांगावे, तितकेच ते उपयोगाचे असते.

ज्या प्रांतात कापूस हेच मुख्य पीक आहे आणि ज्या शहरातील कित्येक कुटुंबांची थोडीफार शेती अद्याप गावाकडे आहे, तेथे हे अज्ञान केवळ मुलांची निराशा करून थांबत नाही. शेतावरून निरोप येतो की "कपाशीवर किडा पडला, औषध पाठवा." औषध जाते, फवारले जाते, पैसा खर्च होतो, आणि किडा कोणत्या घराण्यातला होता, तो पाने कुरतडणारा होता की रस पिणारा, किंबहुना तो शत्रू होता की राखणदार, हे कोणीच पाहिलेले नसते. वस्तुतः हे पाहावयास विद्यालयाची पदवी लागत नाही. एक साधे भिंग, एक काचेचा पेला आणि थोडा धीर एवढी सामग्री पुरते.

जगातील ज्या कीटकांना शास्त्रज्ञांनी आजवर नावे दिली आहेत त्यांच्या जाती दहा लाखांच्या घरात जातात. त्यांची वाटणी सुमारे तीस गणांत केलेली आहे. हा आकडा ऐकून दचकण्याचे कारण नाही. घरी, अंगणात आणि शेतात जे जीव रोज भेटतात ते बहुतेक सातआठ गणांतच बसतात, आणि ह्या गणांच्या खुणा त्यांच्या अंगावरच उमटलेल्या असतात.

प्रथम जे कीटक नव्हेतच त्यांना बाजूस काढले पाहिजे. मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर ओल्या मातीवर तांबड्या मखमलीचा तुकडा कातरून टाकावा असा जो इवलासा जीव फिरू लागतो, त्याला सारे लोक मृगाचा किडा म्हणतात. तो किडा नव्हे. त्याचे पाय मोजावे. ते आठ भरतात. तो कोळी आणि गोचीड ह्यांचा भाऊबंद आहे. विंचूही आठ पायांचाच. गोम आणि वाणी ह्यांचे पाय तर मोजण्याच्या भानगडीत पडूच नये. खऱ्या कीटकाची खूण अशी की त्याच्या शरीराचे डोके, छाती आणि पोट असे तीन भाग पडतात. डोक्यावर मिशांची एक जोडी असते. छातीला सहा पाय असतात, आणि पंख असतील तर तेही छातीवरच असतात. सहा पाय ही दाराशी विचारण्याची पहिली ओळख. घराणे पुढे पाहावयाचे.

घराणे ओळखताना माणूस हटकून एक चूक करतो : तो रंग पाहतो. रंगाइतका फसवा साक्षीदार दुसरा नाही. कपाशीची बोंडे उमलू लागली की त्यांवर तांबड्या रंगाच्या किड्यांचे थवे बसलेले दिसतात. जठारपेठेतल्या अंगणातही ते क्वचित येतात, कारण जास्वंद, भेंडी आणि कापूस ही एकाच कुळातील झाडे आहेत, आणि ह्या पाहुण्याला त्या कुळाची बिये आवडतात. त्याच कपाशीच्या पानांवर, जेथे मावा पडलेला असतो तेथे, नारिंगी-तांबड्या रंगाचा, काळ्या नक्षीचा, अर्ध्या वाटाण्यासारखा गोल जीव हिंडत असतो. दोघेही तांबडे, दोघेही सहा पायांचे, दोघेही कपाशीवर. म्हणून दोघांनाही एकाच फवाऱ्याने मारले जाते. परंतु पहिला तांबडा ढेकूण आहे. तो बोंडात सोंड खुपसून सरकीचा रस शोषतो, त्यामुळे बी वांझ होते आणि रुईवर डाग पडतात. दुसरा ढालकिडा आहे, आणि तो दिवसभर मावा खात असतो. एक चोर आणि दुसरा पहारेकरी. दोघांनी सारखाच सदरा घातला एवढ्यावरून दोघांनाही सारखीच शिक्षा.

ह्या दोघांतला भेद ओळखण्याची युक्ती फार सोपी आहे, आणि ती एकदा कळली की हजारो जातींना लागू पडते. किड्याची पाठ पाहावी. पाठीच्या मधोमध वरून खाली सरळ रेघ दिसली, तर तो भुंगेऱ्यांच्या गणातला. भुंगेऱ्याचे पुढचे दोन पंख टणक होऊन त्यांच्या ढाली बनलेल्या असतात. त्या एकमेकींवर चढत नाहीत; दाराच्या दोन फळ्या मिटाव्यात तशा कडेला कड लावून मिटतात, आणि उडण्याचे मऊ पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. पाठीवर रेघेऐवजी फुली दिसली, तर तो ढेकणांच्या गणातला. ह्या गणातील बहुतेकांच्या पुढच्या पंखांचा खांद्याकडचा अर्धा भाग चामड्यासारखा जाड आणि टोकाकडचा अर्धा भाग पातळ असतो. पंख मिटताना ती पातळ टोके एकमेकांवर चढतात आणि फुली पडते; तिच्या वरच्या अंगास, दोन खांद्यांच्या मध्ये, एक त्रिकोणी तुकडा स्पष्ट दिसतो. रेघ की फुली, एवढेच विचारावे. वाटीखाली कोंडलेला तो काळा, टणक जीव पाहावा. पाठीवर सरळ रेघ आहे, म्हणजे तो भुंगेरा, बहुधा शेणकिडा. डोक्यावर शिंग असले तर नर असण्याचा संभव अधिक. तांदळातला सोंडकिडाही भुंगेराच, आणि ज्याला इंग्रजीत अग्निमाशी म्हणतात तो आपला काजवा हाही माशी नसून भुंगेराच होय. कीटकांतील सर्वांत मोठा गण हाच. त्यात साडेतीन लाखांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे.

पाठीवरून जे कळते त्याची खात्री तोंडावरून करून घ्यावी. तांबडा ढेकूण पेल्यात घालून पेला वर धरावा आणि खालून भिंगाने पाहावे. त्याच्या डोक्यापासून निघालेली एक बारीक सोंड पायांच्या मधून छातीला चिकटून मागे वळवलेली दिसेल. ती सुई आहे आणि नळीही आहे. तिने टोचावयाचे आणि तिनेच प्यावयाचे. ढालकिड्याला अशी सोंड नसते. त्याला अडकित्त्यासारखे दोन जबडे असतात आणि ते आडवे मिटतात. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण ही सारी मंडळी दिसण्यात एकमेकांसारखी मुळीच नाहीत. काहींच्या पंखांची फुलीही पडत नाही, तर ते घराच्या छपरासारखे उतरते मिटतात. तथापि सोंड सर्वांना आहे, म्हणून घराणे एकच. पांढऱ्या माशीला माशी हे नाव कोणी दिले असेल ते असो. ती माशी नव्हे.

येथे एक इशारा देणे भाग आहे. तांबड्या ढेकणाच्याच कुळातला, जवळजवळ त्याच रंगाचा दुसरा एक ढेकूण कपाशीवर आढळतो. तो झाडाला शिवत नाही. तो आपल्या भावकीतल्या तांबड्या ढेकणांनाच सोंडेने भोसकतो आणि त्यांचा रस पितो. म्हणजे घराणे कळले तरी वागणूक पाहावी लागतेच. कुळावरून मनुष्याची पारख जितकी पुरी होते, तितकीच किड्याची.

पंख आणि तोंड ह्या दोन खुणांची ही जोडी काही आजची नव्हे. स्वीडनमधील कार्ल लिनियस ह्याने आपल्या सृष्टिवर्गीकरणाच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत, १७५८ साली, कीटकांचे सात गण पाडले, आणि ते मुख्यतः पंखांवरून पाडले. ढालपंखी, अर्धपंखी, खवलेपंखी, जाळीपंखी, पटलपंखी आणि द्विपंखी असे सहा गण त्याने सांगितले. ज्यांना पंखच नाहीत अशांची एक सातवी अडगळीची खोली केली, आणि तीत पिसवा व उवा ह्यांच्याबरोबर कोळी, विंचू आणि चक्क खेकडेही ढकलून दिले. त्याचा शिष्य योहान ख्रिश्चन फाब्रिसिउस ह्याला ही पद्धत अपुरी वाटली. कीटक उडतो कशाने ह्यापेक्षा तो खातो कशाने हे अधिक महत्त्वाचे, असे त्याचे म्हणणे, आणि १७७५ साली त्याने तोंडाच्या घडणीवरून नवी मांडणी प्रसिद्ध केली. विशेष हे की ज्या तांबड्या ढेकणाविषयी वर लिहिले, त्याचे शास्त्रीय वर्णन त्याच ग्रंथात आहे. त्या ढेकणाच्या नावात कोनिग ह्या डॉक्टरचे नाव गोवलेले आहे. तंजावरच्या मराठी राज्यालगत ट्रांकेबार येथे डॅनिश लोकांचे जे ठाणे होते, तेथे हा लिनियसचाच दुसरा शिष्य राहत असे. आज वर्गीकरणाला इतर अनेक आधार मिळाले आहेत, आनुवंशिक द्रव्याची तपासणीही होते. पण शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला फाब्रिसिउसचा प्रश्न अद्याप सर्वांत उपयोगी पडतो.

तो कसा, ते वऱ्हाडाने स्वतःच्या खर्चाने पाहिलेले आहे. २००२ साली भारतात बीटी कपाशीच्या लागवडीस परवानगी मिळाली. ह्या कपाशीत एका जिवाणूपासून घेतलेला असा गुण घातलेला आहे की त्यामुळे झाडाच्या पेशींत एक प्रथिन तयार होते. अळी जबड्याने पान किंवा बोंड कुरतडते, ते प्रथिन तिच्या पोटात जाते, तेथील विशिष्ट रसात विरघळून आतड्याच्या अस्तराला छिद्रे पाडते आणि अळी मरते. म्हणजे हे शस्त्र कुरतडणाऱ्या अळीसाठीच घडविलेले आहे. सोंडेने रस शोषणाऱ्या तुडतुड्यांना, माव्याला किंवा तांबड्या ढेकणाला त्याची बाधा होत नाही. ज्यांनी तोंडाचा हा भेद ध्यानात घेतला नाही, त्यांना एवढे महाग बी पेरूनही किडा पडतोच कसा, ह्याचे आश्चर्य वाटले. पहिल्या काही वर्षांत बोंडअळीसाठीची फवारणी पुष्कळ कमी झाली. रस शोषणाऱ्यांसाठीची मात्र वाढत गेली. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या प्रथिनाला दाद देणे सोडले, आणि २०१७ साली विदर्भात तिने हातचे पीक नेले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषधे फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या अनर्थाची कारणे अनेक होती. पीक डोक्याएवढे वाढलेले होते, अंगावर संरक्षक कपडे नव्हते, आणि दोनतीन विषे एकत्र कालवून फवारण्याची चाल पडली होती. किडा न ओळखल्यानेच माणसे मेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि कोणत्या तोंडाचा किडा समोर आहे हे ठाऊक नसले म्हणजे जे हाती येईल ते सारे एका पिंपात ओतण्याचा मोह होतो, हे खोटे नव्हे.

आता पुन्हा पडवीतल्या दिव्याकडे वळावे. तेथे सर्वांत अधिक गर्दी असते ती ज्यांना सरसकट पाखरे म्हणतात त्यांची. बोटाने धरताच ज्याच्या पंखांची पूड बोटाला लागते, तो खवलेपंखी; पतंग आणि फुलपाखरे ह्यांचा हा गण. ती पूड म्हणजे कौलांसारखे एकावर एक बसविलेले सूक्ष्म खवले होत. तोंडाच्या जागी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली नळी असते. फुलपाखरू की पतंग, हे मिशांवरून पाहावे : फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी असते. गुलाबी बोंडअळीचा पतंग पाहून कोणासही भीती वाटणार नाही; एक सेंटिमीटरपेक्षाही लहान, मळकट तपकिरी रंगाचा, दिवसा कोठेतरी दडून बसलेला. ह्या अळीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ च्या सुमारास सॉन्डर्स नावाच्या इंग्रज अभ्यासकाने केले, तेही भडोच येथील कापसाच्या मळ्यातून आलेल्या नमुन्यांवरून. तिची अळी सरकीच्या आत शिरून उन्हाळा काढते, म्हणून जिनिंगच्या आवारात पडून राहिलेली सरकी म्हणजे पुढील वर्षाच्या किडीचे बेणे होय.

पंख गाळून सरपटणारी जी पाखरे, त्यांच्याविषयी घरोघर वाद होतो : ह्या मुंग्या की वाळवी? दोघींनाही पावसाळ्यात पंख फुटतात, आणि दोघीही वसाहत करून राहतात; परंतु त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. मुंगीची कंबर पाहावी, ती दोरीने आवळल्यासारखी असते. मिशी कोपरासारखी वाकलेली असते. पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान असतात. वाळवीला कंबर नसते. मिशी मण्यांच्या सरीसारखी सरळ असते. चारही पंख एकाच मापाचे असतात आणि ते जरा धक्का लागताच मुळाशी मोडून पडतात. मुंगीचे खरे नातलग म्हणजे मधमाशी, गांधीलमाशी आणि भिंतीवर मातीचे घर बांधणारी कुंभारीण. वाळवीचे नातलग कोण? ह्याचे उत्तर गृहिणींना रुचणार नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणीने असे ठरले की वाळवी म्हणजे लाकूड खाऊ लागलेली, समाज करून राहणारी एक प्रकारची झुरळेच होत, आणि तिचा स्वतंत्र गण मोडून तो झुरळांच्या गणात घालण्यात आला. उंबऱ्यातली वाळवी आणि मोरीतले झुरळ ही एकाच घरची माणसे आहेत.

माशी आणि मधमाशी ह्यांच्यात तर नावाचा घोळ आहे. खरी माशी ती, जिला दोनच पंख असतात. मागच्या दोन पंखांच्या जागी तिला गदेसारखे दोन बारीक दांडे उरलेले असतात. उडताना ते पंखांबरोबर थरथरतात आणि तिचा तोल सांभाळतात. घरमाशी आणि डास हे ह्या द्विपंखी गणातले. मधमाशीला पंख चार असतात. पण मागच्या पंखाच्या कडेवरील आकड्यांची ओळ पुढच्या पंखाला अडकलेली असल्यामुळे ते दोनच वाटतात. फुलांवर एका जागी हवेत लटकून राहणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची जी माशी हिवाळ्यात दिसते, तिला पाहून मुले मधमाशी म्हणून पळतात. तिला नांगीच नसते. पंख दोनच, मिशा अगदी आखूड, डोळे डोके व्यापून टाकणारे. ती द्विपंखी गणातली आहे, आणि तिने मधमाशीचा वेष घेतला आहे तो पक्ष्यांना भिवविण्यासाठी. तिच्या अळ्या मावा खातात.

लांब उड्या मारण्यासाठी ज्याची मागची तंगडी जाड व कोनात दुमडलेली असते, तो नाकतोड्यांच्या गणातला. मिशी आखूड असली तर नाकतोडा किंवा टोळ, शरीराहून लांब असली तर रातकिडा किंवा त्याचा सोयरा. टोळ ही केवळ जुन्या पोथ्यांतील गोष्ट राहिली असा समज होता. पण २०२० च्या मे महिन्यात अमरावती जिल्ह्यात वरूड-मोर्शीच्या बाजूस त्यांची धाड आली आणि संत्र्याच्या बागायतदारांनी थाळ्या बडविल्या. चतुर कोणास सांगावा लागत नाही. जाळीपंखी गणातला फिकट हिरवा, सोनेरी डोळ्यांचा, जाळीदार पंखांचा नाजूक जीव मात्र ओळखून ठेवण्यासारखा आहे. तो पानावर केसासारख्या दांड्यांच्या टोकाला एकेक अंडे लावतो, आणि हे दांडे पाहून लोक बुरशी आली म्हणून ते पान खुडून फेकतात. त्यातून निघणाऱ्या अळ्या माव्याच्या काळच होत.

येथवर झाली ती मोठ्या वयाच्या कीटकांची ओळख. खरी अडचण बाळांची आहे. नाकतोडा, झुरळ, ढेकूण ह्यांची पिले आईबापांसारखीच दिसतात. फक्त पंख नसतात, ते हळूहळू फुटतात. परंतु भुंगेरा, पतंग, माशी आणि मधमाशी ह्यांची बाळे आईबापांसारखी मुळीच नसतात. ती अळी म्हणून जगतात, मग कोषात जातात आणि तेथून निराळाच देह घेऊन बाहेर येतात. तेव्हा अळी पाहून घराणे कसे ओळखावे? पुन्हा पायच मोजावे. छातीला तीन जोड्या खऱ्या पायांच्या आणि पोटाखाली आणखी काही जोड्या मांसल पायांच्या असल्या, तर ती बहुधा पतंगाची अळी, बोंडअळी ह्यातली. फक्त तीन जोड्या असल्या आणि पोटाला एकही पाय नसला, तर बहुधा भुंगेऱ्याची. शेणखताच्या ढिगात अर्धचंद्रासारखी वाकून पडलेली पांढरी हुमणी अशी असते. पाय अजिबात नसले आणि डोकेही धड दिसत नसले, तर ती माशीची. ह्या नियमाला अपवाद आहेत. सोंडकिड्याची अळी भुंगेऱ्याची असूनही बिनपायाची असते. पण ती तांदळाच्या दाण्याच्या पोटातच वाढत असल्यामुळे डोळ्यांना दिसतच नाही.

डब्यातल्या तांदळात जाळी झाली असेल तर मात्र तो सोंडकिडा नव्हे. ती एका करड्या पतंगाची अळी आहे. ती रेशीम काढून दाणे एकमेकांना चिकटविते. गृहिणी ह्या पतंगाचा यथायोग्य तिरस्कार करतात. प्रयोगशाळांतून मात्र त्याला मुद्दाम धान्य घालून पोसतात. त्याची अंडी गोळा करून पुठ्ठ्यावर चिकटवितात, आणि एक मिलिमीटरहूनही लहान अशा गांधीलमाशीच्या गणातल्या एका कीटकाला त्या अंड्यांत आपली अंडी घालू देतात. ह्या कीटकाचे नाव ट्रायकोग्रामा. तो पुठ्ठा कपाशीच्या पानाला टाचून ठेवला की आतून बाहेर पडलेले ट्रायकोग्रामा बोंडअळीची अंडी शोधीत फिरतात, आणि अळी जन्मण्यापूर्वीच संपते. अकोल्यात १९६९ साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्राच्या वर्गात हे सारे विद्यार्थ्यांना शिकवितात. जठारपेठेतल्या स्वयंपाकघरात त्याचा निम्मा भाग डब्याचे झाकण उघडताच समोर असतो.

राहता राहिली अंगणातली जास्वंद. तिच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसाच्या पुंजक्यांसारखे पिठ्या ढेकूण बसतात. हे सोंड खुपसून बसलेले असतात, आणि अंगातून स्रवणाऱ्या मेणाने पांढरे झालेले असतात. त्याच शेंड्यावर, त्यांच्याच गर्दीत, तितकेच पांढरे आणि तितकेच झिपरे असे आणखी काही जीव पुष्कळदा सापडतात, आणि फवारणी करणारा हात ह्या दोघांत भेद करीत नाही. ही ढालकिड्यांपैकी काही जातींची बाळे होत. त्यांच्याही अंगावर मेणाच्या लोंब्या असतात, आणि पिठ्या ढेकणांना खाण्यासाठीच ती त्यांच्यात वावरतात. अशाच एका काळसर, नारिंगी डोक्याच्या ढालकिड्याला १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात मुद्दाम आणलेले आहे. वरून रंग, आकार, पीठ सारे सारखे. पाठीवरची रेघ किंवा फुली पाहावी तर बाळांना पंखच नाहीत. अशा वेळी गवताची एक काडी घ्यावी आणि हलकेच स्पर्श करावा. जो जागचा फारसा हलणार नाही, उलथा केल्यावर ज्याची सोंड दिसेल, तो पिठ्या ढेकूण. जो झपाझप चालू लागेल आणि भिंगाखाली ज्याचे जबडे दिसतील, त्याला त्या शेंड्यावरच राहू द्यावे.